सिल्व्हिया हार्यूचा संशय

सिस्को लेक या खाणगावातल्या इस्पितळात एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टर सिल्व्हिया हार्यूला कोणी वाटेत 'काय, बरं चाललंय ना?' असं विचारलं, तर ती म्हणे आधी थांबायची, आणि याने हे आत्ताच का विचारलं असावं याचा विचार करायची. गंमत म्हणून लोक हे सांगत, पण त्यात फारसं खोटं नव्हतं. तिच्या अहवालात 'नाकारता येत नाही' हे शब्द इतक्यांदा यायचे की शस्त्रक्रिया विभागातल्या मंडळींनी तिचं तेच टोपणनाव पाडलं होतं. कॅन्टीनमध्ये कोणी म्हणायचं, "सूप गरम आहे का रे?" की दुसरा म्हणायचा, "हार्यूला विचार. ती म्हणेल, गार असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

तिला हे ठाऊक होतं. तिला राग येत नसे. संशय ही गोष्ट तिच्या घरातच वाढली होती.

तिचा बाप टॉइव्हो हार्यू लोखंडाच्या खाणीत होता. मोठा संप चालला होता त्या वर्षी संप चालवणाऱ्या तीन माणसांची नावं कंपनीकडे पोचली, आणि ती तिघं कायमची कामावरून गेली. नावं कोणी पोचवली ते कधीच कळलं नाही. पण एका पावसाळी संध्याकाळी टॉइव्हो फोरमनच्या ट्रकमधून उतरताना कोणीतरी पाहिला होता, आणि तेवढं पुरलं. शनिवारी हार्यूंच्या सौनाला, वाफेच्या अंघोळीला, आसपासची पाच-सहा घरं यायची. पुढच्या शनिवारी कोणी आलं नाही. आईने वेलदोड्याचा पाव भाजून ठेवला होता, तो घरच्यांनीच आठवडाभर खाल्ला. बापाने कोणाला जाब विचारला नाही, आणि सफाईही दिली नाही. गप्प राहिला, आणि त्याचं गप्प राहणं हाच लोकांना पुरावा वाटला. सिल्व्हिया तेव्हा दहा वर्षांची असेल. जेवताना ती बापाच्या तोंडाकडे बघत बसायची. हा माणूस तसा असेल का, हे त्या चेहऱ्यावर कुठे दिसतंय का, ते शोधत.

पुढे ती शिष्यवृत्तीवर मिनियापोलिसला जाऊन डॉक्टर झाली आणि माणसं तपासण्याऐवजी त्यांच्या आतले फोटो वाचायला लागली. फोटोही खोटं बोलतात, असं ती म्हणायची, पण ते कसं बोलतात हे शिकून घेता येतं. माणसाचं तसं नाही. आईच्या आजारपणात ती गावी परतली आणि राहिली. लग्न झालं, मोडलं. नवरा जाताना म्हणाला, "तू माझ्यावर कसला संशय घेतेस हे एकदा सांगितलं असतंस, तर मी तो खरा तरी करून दाखवला असता." हे ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना हसायची.

हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो त्या शनिवार-रविवारी आमच्याकडे गावात पुरुष दिसत नाहीत. अर्धं इस्पितळ नारिंगी जाकिटं घालून रानात असतं. उरलेलं अर्धं, रानातून आणलेल्यांची वाट बघत बसतं: कोणी मचाणावरून पडलेला, कोणाच्या छातीत कळ आलेली. त्या रविवारी बाहेर बर्फाळ पाऊस चालला होता, रस्ते काचेसारखे झाले होते. सिल्व्हिया दुपारी आपल्या अंधाऱ्या खोलीत एका शिकाऱ्याच्या मोडलेल्या टाचेचे फोटो बघत होती. ते संपवून तिने पुढचा फोटो उघडला, तो एका तान्ह्या बाळाच्या पोटाचा होता. जन्माला येऊन आठवडाही झाला नव्हता. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ओकाऱ्या. घरगुती काढा पाजल्याचा संशय.

फोटो चांगला होता. पोटात हवा होती, जिथे असायला हवी साधारण तिथे होती, काही फुगलेलं नव्हतं. दुसरं कोणी असतं तर 'ठीक आहे' लिहून पुढे गेलं असतं. सिल्व्हिया त्या 'संशय' शब्दाकडे बघत राहिली. एवढ्या लहान बाळाच्या बाबतीत संशय पोटावर घ्यायचा सोडून चिठ्ठी लिहिणाऱ्याने तो काढ्यावर का घेतला?

तेवढ्यात तंत्रज्ञ डीन पेराला दारात आला. दोघं वीस-एक वर्षं एकत्र काम करत होते. "सिल्व्हिया, त्या झुपानांच्या बाळाचं अजून एक काम आलंय," तो आवाज उतरवून म्हणाला. "सगळ्या हाडांचे फोटो काढायला सांगितलेत. डोक्यापासून पायापर्यंत."

तान्ह्या बाळाच्या सगळ्या हाडांचे फोटो कशासाठी काढतात, ते त्या दोघांना सांगायला नको होतं. घरात कोणी मारतंय का, जुनी मोडकी हाडं आहेत का, हे बघायला.

"कोणी सांगितलं?"

"वेल्शने. तो नवा मुलांचा डॉक्टर. आजीवर त्याचा डोळा आहे."

"आजी कोण?"

डीन जरा घुटमळला. "मिली झुपान."

सिल्व्हियाने चष्मा काढून पुसला. कामावरून गेलेल्या त्या तिघांपैकी एक मिली झुपानचा बाप होता. गाव लहान, दुकानात, दफनाच्या वेळी, मतदानाच्या रांगेत मिली आणि ती शेकडो वेळा समोरासमोर आल्या असतील. मिली तिच्याशी आजवर एक शब्द बोलली नव्हती.

"हाडांचं राहू दे," ती म्हणाली. "मी आधी बाळ बघून येते."

"तू? वरती जाऊन?" डीनला आश्चर्य वाटलं, कारण ती सहसा खोली सोडत नसे.

डॉक्टर प्रेस्टन वेल्श वॉर्डाच्या टेबलापाशी उभा होता. उंच, नीटस, या गावात पहिलाच हिवाळा. त्याने तिला बाजूला घेतलं. "हे बघा डॉक्टर हार्यू, पोट मऊ आहे, ताप नाही, रक्त ठीक आहे. आजीने स्वतः कबूल केलंय की कॅमोमाईलचा काढा चमच्याने पाजला. विचारलं की आणखी काय पाजलं, तर अंगावर येते. बाप शिकारीला गेलेला, आई आजीच्या दडपणाखाली. मला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतं. मी काउंटीच्या बालसंरक्षण खात्याला फोन केलाय."

"ओकारीचा रंग काय होता?"

"हिरवट. काढ्याचा असणार."

"तू पाहिलीस?"

"नर्सने सांगितलं."

"कॅमोमाईल पिवळा असतो," सिल्व्हिया म्हणाली. वेल्श काही बोलायच्या आत ती खोलीत शिरली.

आत तीन पिढ्या होत्या. पलंगावर मिलीची मुलगी डार्सी, बावीस-तेवीस वर्षांची, डोळे सुजलेले, मांडीवर बाळ. खिडकीशी तिचा नवरा ट्रॅव्हिस, तसाच नारिंगी जाकिटात रानातून आलेला, बुटांचा चिखल वाळत चाललेला. आणि दाराला पाठ लावून, जणू कोणी बाळाला पळवून नेईल अशी, मिली झुपान.

"ही इथं कशाला?" मिलीने सिल्व्हियाकडे न बघता विचारलं.

"मी फोटो वाचते. मला त्याने ओकलेलं फडकं बघायचंय. टाकलं नसेल तर."

डार्सीने पिशवीतून एक दुमडलेलं फडकं काढलं. सिल्व्हियाने ते खिडकीच्या उजेडात नेऊन उलगडलं. डाग गडद हिरवा होता, ओल्या शेवाळासारखा. तिने तो नाकाजवळ नेला. तो डाग काढ्याचा नव्हता, दुधाचाही नव्हता. ते पित्त होतं. पित्त खाली जायचं सोडून वर आलं होतं, याचा अर्थ खालची वाट कुठेतरी अडलेली होती.

"मला अजून एक फोटो काढावा लागेल," ती म्हणाली. "आत्ताच."

"कसला फोटो?" मिली दारापासून पुढे आली. "मी खुळी नाही हो डॉक्टरीणबाई. तो लंबू मघाशी बाहेर नर्सला काय सांगत होता ते मी ऐकलंय. हाडांचे फोटो. माझ्याविरुद्ध पुरावा पाहिजे तुम्हाला. आणि तो गोळा करायला पाठवली कोणाला, तर टॉइव्हो हार्यूच्या पोरीला. नावं पोचवायची सवय घरातलीच आहे ना तुमच्या."

डार्सी म्हणाली, "आई, पुरे."

"का पुरे? हिच्या बापाने माझ्या बापाची भाकरी घालवली. विचार तिला. खरं की खोटं?"

ट्रॅव्हिस खाली बघत होता. सिल्व्हियाने फडकं घडी करून हातातच ठेवलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी त्याच्या घरात राहिले, त्याच्या ताटाशेजारी जेवले, आणि मलाही शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हाला जेवढा संशय होता तेवढाच मला होता. आता हाडांचं. हो, ते फोटो काढायला सांगितलेत. तुम्ही बरोबर ऐकलंत. मी ते अजून काढलेले नाहीत, आणि आज काढणार नाही, कारण तेवढा वेळ नाही. तुम्ही पोराला काय पाजलं ते मला ठाऊक नाही. तुम्ही सांगता म्हणून मी विश्वास ठेवणार नाही, आणि तो वेल्श सांगतो म्हणून तुम्हाला दोषीही धरणार नाही. पण हा रंग काढ्याने येत नाही."

मिलीला असं उत्तर अपेक्षित नव्हतं. ती पुन्हा दाराला टेकली.

सिल्व्हिया डार्सीजवळ पलंगावर बसली. "ऐक. पोटातलं आतडं लांबलचक असतं. मूल पोटात असतानाच ते आपल्या जागी वळून बसतं आणि पाठीला बांधलं जातं. एखाद्या मुलाचं नीट वळत नाही. मग ते सगळं एका बारीक देठावर लोंबत राहतं, आणि कधीतरी त्याला पीळ पडतो. ओलं कापड पिळावं तसा. मग अन्न अडतं, आणि त्याहून वाईट म्हणजे रक्त अडतं. वरून पोट अगदी मऊ लागतं. साधा फोटो चांगला येतो. मी त्याला फोटोत दिसणारं औषध पाजून ते कसं उतरतं ते बघणार आहे. माझा संशय खोटा निघाला तर त्याला थोडासा किरणांचा त्रास झालेला असेल, बाकी काही नाही."

"आणि खरा निघाला तर?" ट्रॅव्हिसने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"तर लगेच डुलुथला. ऑपरेशन."

"तिच्यावर विश्वास ठेवू नकोस, डार्सी," मिली म्हणाली, पण आवाजातला जोर गेला होता.

डार्सीने बाळाकडे बघितलं. ते रडत नव्हतं, आणि तेच तिला सकाळपासून बरं वाटत नव्हतं. "आई, ही बाई कोणावरच विश्वास ठेवत नाहीये," ती म्हणाली. "मला आज तसंच माणूस पाहिजे." आणि ती बाळाला घेऊन उठली.

खालच्या खोलीत डीनने टेबल गरम करून ठेवलं होतं. वेल्शही आला, हाताची घडी घालून मागे उभा राहिला. मिलीला बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण दाराच्या काचेला तिचं नाक लागलेलं दिसत होतं.

औषध पाजायचं आणि पडद्यावर बघत राहायचं. जठरातून बाहेर पडल्यावर आतड्याची पहिली कमान लागते. ती उजवीकडून खाली उतरते, पाठीच्या कण्यावरून आडवी डावीकडे जाते आणि पुन्हा वर चढते. औषध तिथे पोचलं, की आतडं आपल्या जागी बांधलेलं आहे. पोचलं नाही, तर नाही. बघायला क्षणभराचा अवधी मिळतो. औषध पुढे सरकलं की एकावर एक वेटोळी पडतात आणि मग काहीच सांगता येत नाही.

डीनने बाळाला उजव्या कुशीवर धरलं. थोडंसंच औषध नळीने आत गेलं. जठर भरलं. थोडा वेळ काही हललं नाही. मग एक बारीक धार पुढे सरकली, खाली उतरली. "आता पाठीवर," सिल्व्हिया म्हणाली, आणि बाळाला उताणं करताना त्याने अंगाला झटका दिला. धार पुढे गेली. पडद्यावर ती कण्यावरून पलीकडे गेलेली दिसली.

वेल्शने सुस्कारा सोडला. "गेली पलीकडे. छान. म्हणजे ठीक आहे." आणि थोडं थांबून म्हणाला, "मग हाडांचं बघायला हरकत नाही ना?"

सिल्व्हियाने पडदा त्याच ठिकाणी गोठवला. तिच्या मनात पाल चुकचुकली. बाळाच्या बरगड्यांकडे तिने बघितलं. एका बाजूच्या लांब दिसत होत्या, दुसऱ्या बाजूच्या आखूड. म्हणजे बाळ तिरपं झालेलं होतं. थोडंसंच, पण तेवढ्याने कणा सरकतो आणि उजवीकडची गोष्ट डावीकडे गेल्यासारखी दिसते.

"हा फोटो खोटा आहे," ती म्हणाली.

"खोटा म्हणजे? आपण सगळ्यांनी पाहिलं."

"सगळ्यांनी पाहिलं म्हणूनच. डीन, सरळ कर त्याला. अगदी सरळ. नाक छताकडे. मी परत थोडं देते."

"डॉक्टर हार्यू," वेल्श समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुमची ख्याती मला सांगितली गेली आहे. पण एखाद्या गोष्टीवर कितीदा शंका घ्यायची याला काही मर्यादा..."

"असेल. पुढच्या खेपेला शोधू."

डीनने दोन्ही तळव्यांत ते एवढंसं डोकं आणि खांदे धरले. तो स्वतः श्वास रोखून होता. सिल्व्हियाने आणखी औषध सोडलं. धार पुन्हा निघाली, उजवीकडून खाली उतरली, कण्याच्या काठापाशी आली. आणि तिथून पलीकडे गेली नाही. ती उजव्या बाजूलाच गरगर खाली उतरायला लागली, बूच काढायच्या स्क्रूसारखी, बारीक होत होत, आणि मग थांबली.

वेल्श पुढे येऊन पडद्याच्या अगदी जवळ उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मला नळी घालून पोट रिकामं करायला हवं, आणि सलाईन," तो म्हणाला आणि लगेच कामाला लागला. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं, की त्यानंतर त्याने एक क्षण वाया घालवला नाही.

सिल्व्हियाने डुलुथला मुलांच्या शल्यचिकित्सकाला फोन लावला. त्याचं नाव ब्रँडव्होल्ड. तोही रानातच होता, कुठल्यातरी झोपडीच्या पायरीवर उभा राहून बोलत असावा. मागे कुत्रं भुंकत होतं.

"सिल्व्हिया," तो म्हणाला, "आज परत? मागच्या वसंतात तू मला अपेंडिक्स म्हणून एक पोरगी पाठवलीस, तिने चेरीच्या बिया गिळल्या होत्या."

"हे अपेंडिक्स नाही. तान्हं आहे. पीळ आहे."

"खात्री आहे?"

"मला कशाचीच खात्री नसते, तुला माहीत आहे. उशीर केला तर मात्र खात्री होईल."

मग तो म्हणाला, "हेलिकॉप्टर या पावसात उडणार नाही. रुग्णवाहिकेने पाठव. मी निघतो. दोघांपैकी कोण आधी पोचतं बघू."

रुग्णवाहिकेपुढे काउंटीची, रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकणारी गाडी लावून दिली. वेल्श बाळाबरोबर गेला. डार्सी त्याच्याशेजारी बसली, ट्रॅव्हिस मागून ट्रकने निघाला. मिलीला रुग्णवाहिकेत जागा नव्हती. निसरड्या रस्त्यावर तिला ट्रकमध्येही घेणार नाही आणि एकटीला गाडीही हाकू देणार नाही, असं जावयाने बजावलं होतं. ती इस्पितळाच्या दाराशी ओल्या कोटात उभी राहिली आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही आत आली नाही. सिल्व्हियाने काचेतून बघितलं. बाहेर जावं असं तिला वाटलं. पण जाऊन काय बोलणार? ती आपल्या खोलीत परतली आणि शिकाऱ्यांची हाडं बघायला लागली. एकेक फोटो तिने दोनदोनदा बघितला, कारण पहिल्यांदा बघितलेलं डोक्यात शिरतच नव्हतं. पीळ खरंच होता ना? की बाळाच्या अंग आखडण्याने आतडं आवळलं होतं? एका निरोगी मुलाचं पोट फाडायला तिने दोन डॉक्टर बर्फाळ रस्त्यावर घातले होते का? आता हा संशय स्वतःवर होता, आणि तोही इतरांवरच्या संशयाइतकाच सवयीचा होता.

संध्याकाळी ब्रँडव्होल्डचा फोन आला. "पोट उघडलं तेव्हा आतडं काळंनिळं होतं," तो म्हणाला. "उलटं फिरवून पीळ काढला, गरम कापडात गुंडाळून वाट बघितली. हळूहळू गुलाबी झालं. सगळं. एक इंचही कापावं लागलं नाही. आणखी थोडं थांबलो असतो तर कापायलाही काही उरलं नसतं."

"अपेंडिक्स काढलंस?"

"काढलं. आतडं आता दुसऱ्या बाजूला ठेवलंय, पुढे कधी अपेंडिक्स सुजलं तर जागेचा घोळ नको. सिल्व्हिया, शाबास म्हणू का?"

"पोर घरी जाऊ दे आधी," ती म्हणाली.

पोर घरी आलं, पण गोष्ट तिथे संपली नाही. वेल्शने काउंटीला केलेला फोन मागे घेता येत नव्हता. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात काउंटीची बाई मिलीच्या घरी गेली. तिने स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघितली. चर्चच्या तळघरात बायका पोटित्साची, अक्रोडाच्या गोड पावाची, कणीक लाटायला जमतात, तिथे मिली आली की बोलणं थांबायला लागलं. काढ्यात काय होतं कोण जाणे, असं कोणीतरी म्हणालं होतं, आणि जो तो ते दुसऱ्याने म्हटलेलं म्हणून सांगत होता.

काउंटीची बाई सिल्व्हियाकडेही आली. तिने सरळ विचारलं, "त्या आजीने बाळाला अपाय केला नाही, असं तुम्ही सांगू शकाल का?"

सिल्व्हियाला 'हो' म्हणता आलं असतं. तिने ते म्हटलं नाही. "आतड्याला पीळ होता," ती म्हणाली. "तो जन्माआधीच्या घडणीतला दोष आहे. कोणाच्याही पाजण्याने तो होत नाही, आणि कोणाच्याही मायेने टळत नाही. हिरवी ओकारी त्याचीच होती. यापलीकडे त्या घरात काय चालतं ते मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही. मग माहीत नसताना लिहू नका."

प्रकरण मिटलं. वेल्शने झुपानांच्या घरी जाऊन माफी मागितली. मिलीने त्याला दारातच उभं ठेवून ती ऐकून घेतली. पण सिल्व्हिया काउंटीला काय बोलली ते मिलीच्या कानावर गेलं, आणि एके दिवशी ती तिला दुकानात, बटाट्यांच्या ढिगापाशी, गाठून उभी राहिली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच आपणहून बोलत होती.

"तू माझी बाजू घेतली नाहीस."

"नाही."

"एक शब्द बोलली असतीस तर चर्चमधल्या त्या भवान्यांची तोंडं बंद झाली असती."

"झाली नसती, मिली. आमच्या घरासाठी एक माणूस बोलला होता. पाद्री. लोक म्हणाले, त्यालाही कंपनी पैसे देत असेल."

मिलीने एक बटाटा उचलला, फिरवून बघितला, परत ठेवला. "बघितला मी त्याचा व्रण," ती शेवटी म्हणाली. "पोटभर आहे. एवढ्याशा पोटावर." आणि ती निघून गेली. त्यानंतर हिवाळाभर ती बोलली नाही, पण समोर आली की मान हलवायची, इतकंच.

मुलगा वाढला. डार्सी त्याला दरवर्षी दाखवायला आणायची. तीन वर्षांनी तिला दुसरं मूल झालं, मुलगी. बाळंतपण नीट झालं, बाळ छान दूध प्यायला लागलं. आणि घरी जायच्या दिवशी मिली झुपान नातीला दुपट्यात गुंडाळून, कोणालाही न विचारता, तळमजल्यावर सिल्व्हियाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"हिचा फोटो काढ," ती म्हणाली.

"काय होतंय तिला?"

"काही नाही."

"ओकली?"

"नाही."

"शी होते?"

"हो, पुष्कळ."

"मग फोटो कशाला? कारणाशिवाय मी एवढ्या लहान पोरावर किरण सोडत नाही."

मिलीने डोळे बारीक केले. "तुला काहीतरी दिसलंय. तू सांगत नाहीयेस."

"मी तिच्याकडे आत्ता पहिल्यांदा बघतेय, मिली."

"मग नीट बघ."

डीन कोपऱ्यात पाठ करून उभा होता. हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते. सिल्व्हियाने उठून दिवा लावला. दुपटं सोडून तिने बाळाचं पोट हाताने चाचपलं, तळवा तसाच ठेवून थोडा वेळ थांबली. पोट मऊ होतं, गरम होतं, श्वासाबरोबर वरखाली होत होतं. मुलगी पाय झाडत होती. सिल्व्हियाने तिचे डोळे बघितले, जीभ बघितली, परत पोट बघितलं. आपल्याला काय म्हणायचं आहे ते तिला कळत होतं, पण ते वाक्य तिच्या तोंडाला सवयीचं नव्हतं.

"चांगली आहे," ती म्हणाली. "मला काही शंका नाही."

मिलीने तिच्याकडे रोखून बघितलं. "असं तू कधी म्हणत नाहीस. साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"आज म्हणतेय."

"का?"

"कारण शंका नाहीये."

मिलीला ते पटलं नाही. तिने खुर्ची ओढली आणि बाळाला मांडीवर घेऊन तिथेच बसली. बाटली काढून म्हणाली, पाजून बघते तुझ्यासमोर, मग जाते. सिल्व्हियाकडे वाचायचे फोटो साचले होते. ती पडद्याकडे वळली नाही. दुसरी खुर्ची घेऊन ती समोर बसली, आणि दोघी बाळाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.